जळालेलं केशवराव "जसं होतं तसं" बांधलं तर आवाजही तसाच येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीनंतर "जसं होतं तसं" उभं करायचं सगळेच म्हणतायत, पण तुमचे आजोबा सांगायचे तसा माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज परत मिळणार का, का बाहेरून दगडी आणि आत मॉलमधलं थिएटर असं काहीतरी होणार. शिवाय रंगमंचाखालच्या त्या खड्ड्याचं काय, तो गेला तर आवाज गेला का, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं नाट्यगृहं आणि सभागृहांच्या ध्वनीचं काम करतोय, मूळचा कोल्हापूरचाच, पण या पुनर्बांधणीशी माझा कामाचा संबंध नाही. त्यामुळे टेंडरात काय आहे, कोण काय करतंय हे मला विचारू नका, मी सांगतोय ते कुठल्याही जुन्या थिएटरला लागू पडतं, केशवरावला जरा जास्तच.

माझं उत्तर असं की आवाज परत मिळू शकतो, पण "जसं होतं तसं" म्हणून मिळणार नाही. कारण आपण जे "होतं" म्हणतोय ते नेमकं कुठल्या सालचं? शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर (केशवरावचं मूळ नाव) की ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं ते? दोन्हींच्या भिंती त्याच, पण आवाजाच्या हिशेबात ही दोन वेगळी नाट्यगृहं आहेत आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकं हेच निसटतंय.

पॅलेस थिएटर बांधलं तेव्हाचं कोल्हापूर डोळ्यासमोर आणा. शेजारी खासबागचं कुस्ती मैदान १९१२ ला तयार झालेलं, गवई अल्लादिया खाँसाहेब १८९५ पासून दरबारात, गाण्याबजावण्याची संस्था देवल क्लब त्याच्याही आधीपासनं चालू, म्हणजे गाणं ऐकायला कान तयार असलेलं गाव. गायक-नट केशवराव भोसले इथलेच, जन्म १८९० चा, १९०८ साली हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली आणि १९२१ ला एकतिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी, जायच्या काही महिने आधी, त्यांनी बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान'चा तो संयुक्त प्रयोग केला होता. त्या काळी माइक हा प्रकारच नव्हता. नटाचा गळा, समोर बसलेले ऑर्गन-तबलेवाले आणि थिएटर, एवढ्यावर रात्र काढायची. (आणि नाट्यगृह पेटलं ती त्यांच्या जयंतीची आदली रात्र, कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको.)

आता आजोबांना शेवटच्या रांगेत ऐकू यायचं ते कशामुळं? यात पाच-सहा गोष्टी एकत्र येतात आणि त्यातल्या निम्म्या वास्तूच्या नाहीतच. पहिली म्हणजे नटाचा आवाज, तो त्यासाठीच कमावलेला असायचा आणि नट प्रेक्षकांकडं तोंड करूनच बोलायचा-गायचा, आजच्यासारखं पाठ करून सोफ्यावर बसून नाही. दुसरी, थिएटरात एसी नाही आणि बाहेर टांगे, म्हणजे मुळात शांतता होती. आज त्याच जागेभोवती गाड्या, हॉर्न, खाऊगल्लीची गर्दी, मिरवणूक असली तर विचारूच नका. शांत जागेत हळू बोललेलंही लांब जातं, हे काही थिएटरचं कौतुक नाही, शांततेचं आहे. तिसरी, प्रेक्षागृहात मधे खांब नाहीत आणि भिंती कडक, त्यामुळे नटाचा आवाज थेट पोचतोच शिवाय बाजूच्या भिंतीवरून आणि वरच्या छतावरून लगेच परतून त्यात मिसळतो.

हे "लगेच" महत्त्वाचं आहे. थेट आलेल्या आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परतून आलेला आवाज आपल्या कानाला वेगळा वाटत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो आणि शब्द ठसठशीत होतो. त्याच्या नंतर जोरात आला तर तो घुमतो, शब्दावर शब्द चढतो. ५० मिलिसेकंदांत आवाज साधारण १७ मीटर जातो, म्हणून रुंदी-उंची बेताची असलेलं जुनं थिएटर बोलायला बरं आणि गोदामासारखा मोठा नवा हॉल बोलायला वाईट. छताचा आकार, त्याची उंची, रंगमंचाच्या तोंडाजवळच्या दोन्ही बाजूच्या भिंतींचा कोन, खरा खेळ या तिघांत आहे. आगीत छत कोसळलं, म्हणजे आवाजाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा अवयव गेला आणि नवं छत कसं येतंय यावर निम्मं उत्तर ठरणार. दर्शनी भागाचे फोटो टाकून सगळे खूश होतात, मी असतो तर छताच्या खालच्या बाजूचं ड्रॉइंग मागितलं असतं.

खड्ड्याबद्दल. कोल्हापुरात कुणालाही विचारा, रंगमंचाखाली दहा बाय दहा बाय दहा फुटांचा खड्डा आहे आणि आवाज त्याच्यामुळंच घुमतो असं छातीठोक सांगतील. मला त्या खड्ड्याविषयी आदर आहे आणि तो बुजवू नये असंच माझं मत आहे, पण त्याचं श्रेय जरा कमी करायला पाहिजे. तीन मीटरच्या पोकळीला ज्या सुरात घुमायला आवडतं तो सगळ्यात खालचा सूर ५७ हर्ट्झच्या (सेकंदाला ५७ कंपनांच्या) आसपास येतो, म्हणजे तबल्यातल्या डग्ग्याच्याही खालचा. माणसाचं बोलणं कळतं ते व्यंजनांवर, क, त, स, च यांवर, आणि ते बहुतेक साधारण १००० हर्ट्झच्या वर असतं. त्या आवाजाला खालची पोकळी ढकलून शेवटच्या रांगेत नेत नाही. पोकळीचा उपयोग दुसरा आहे. वर लाकडी फळ्या आणि खाली मोकळी जागा असली की रंगमंच पायाखाली थोडा लवतो, घुंगरांचा ठेका, पावलाचा आवाज भरून येतो, नाचणाऱ्याचे गुडघे वाचतात. म्हणून काँक्रीटच्या स्लॅबवर प्लायवूड चिकटवून त्याला "वुडन स्टेज" म्हणणारा कंत्राटदार भेटला तर त्याला तिथंच थांबवा. हे मी एका तालुक्याच्या गावात बघितलंय, लावणीचा कार्यक्रम होता आणि पावलाचा आवाज नुसता फट फट असा चपलेसारखा येत होता.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही, ती म्हणजे मागचे पडदे. आनंदराव आणि बाबुराव पेंटर ही कोल्हापूरची भावंडं सिनेमात पडायच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. खळ लावून वर रंगाचे थर दिलेलं कापड नटाच्या पाठीमागं ताणून लावलेलं असायचं. असला पडदा वरच्या सुरांना थोडाफार परतवतो. आता आपण काय करतो, तर तीन बाजूंनी काळं मखमली कापड, जाड, चुण्या घातलेलं. दिसायला झकास, पण नटाच्या मागं-बाजूला गेलेला आवाज ते गिळून टाकतं. मग नट ओरडतो, मग माइक लावतो, मग म्हणतो पूर्वीसारखं थिएटर राहिलं नाही. थिएटर तेच असतं हो, आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय.

आता खुर्च्या आणि आतलं फिनिशिंग, कारण खरी वाट तिथं लागते. थोडं गणित सांगतो, कंटाळा करू नका. वॉलेस सबाइन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९०० च्या सुमारास सूत्र मांडलं, की हॉलमध्ये आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले हॉलचं घनफळ, भागिले आतल्या सगळ्या गोष्टी मिळून शोषतात ते क्षेत्रफळ. उदाहरणासाठी ७५० खुर्च्यांचा हॉल धरा, माणशी ५ घनमीटर हवा, म्हणजे ३७५० घनमीटर. भरलेल्या हॉलमध्ये माणूस साधारण अर्धा चौरसमीटर शोषतो, म्हणजे ३७५, आणि भिंती-पडदे-लाकूड मिळून १५० धरा. उत्तर येतं १.१५ सेकंद. नाटकाला साधारण एक सेकंद किंवा थोडा कमी बरा, आपल्या गाण्याला एक ते दीड, म्हणजे १.१५ हा संगीत नाटकवाल्या गावासाठी मस्त आकडा आहे.

आता तोच हॉल रिकामा आणि लाकडी खुर्च्या. माणसं गेली, शोषण १९० च्या आत आलं, वेळ तीन सेकंदांच्या वर. म्हणून जुन्या थिएटरात दुपारी तालीम करताना सगळं घुमतं आणि रात्री हाऊसफुल्लला एकदम गोड वाटतं. तिसरा प्रकार, भरलेला हॉल, पण भिंतींना कार्पेट, वर मऊ टाइल्सचं फॉल्स सीलिंग, शोषण आणखी २५० नं वाढलं. उत्तर ०.७८ सेकंद. हा झाला मल्टिप्लेक्स. तिथं संवाद कळतात पण तानपुरा मेल्यासारखा वाटतो, गायकाला स्वतःचा आवाज परत मिळत नाही आणि तो दहा मिनिटांत साउंडवाल्याला म्हणतो मॉनिटर (माझ्याकडं तोंड केलेला स्पीकर) वाढव. शिवाय फॉल्स सीलिंगनं उंची कमी झाली की घनफळ घटतं, म्हणजे मार दोन्हीकडून.

खुर्चीचं म्हणाल तर मी गादीच्या खुर्च्यांच्या विरोधात नाही. चांगली गादीची खुर्ची रिकामी असतानाही जवळजवळ माणसाएवढं शोषते, म्हणजे चारशे लोक आले काय नि साडेसातशे आले काय, हॉल फार बदलत नाही. हौशी नाटकाला आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दुपारच्या प्रयोगाला हे वरदान आहे. पण मग तेवढं शोषण खुर्च्यांनी घेतलं की भिंती आणि छत कडकच ठेवायला पाहिजेत. आपल्याकडं होतं काय, खुर्च्या एका एजन्सीच्या, इंटिरियर दुसऱ्याचं, एसी तिसऱ्याचा, आणि "अकॉस्टिक पॅनेल" ही ओळ टेंडरमध्ये चौरस फुटावर मोजलेली, म्हणजे जेवढं जास्त लावाल तेवढं बिल मोठं. मग लावतात ना सगळीकडं.

भिंतींच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. दगडी भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर चुन्याचाच परत करावा, एकतर काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीला आमच्या पावसात सिमेंटचा घट्ट थर मानवत नाही, ओल आत कोंडते आणि फुगे येतात, आणि दुसरं म्हणजे आवाजाला जड भिंत लागते. त्याच्यापुढं फ्रेम मारून जिप्सम बोर्ड लावलं की पातळ बोर्ड खालच्या सुरांना हलतं आणि ते सूर खाऊन टाकतं, डग्गा सुका वाटायला लागतो. लोक म्हणतात तबला नीट लागला नव्हता, पण तो भिंतीचा दोष असतो.

एसीबद्दल एवढंच, की माझ्या मते जुनी नाट्यगृहं सगळ्यात जास्त एसीनं खराब होतात. चांगल्या नाट्यगृहात सगळं चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज २५ ते ३० डेसिबलच्या आसपास पाहिजे. त्यासाठी हवा हळू सोडावी लागते, हळू सोडायची तर डक्ट मोठे पाहिजेत आणि मोठ्या डक्टला जागा आणि पैसा दोन्ही लागतं. पैसे वाचवायला डक्ट बारीक केले की हवा सूंऽऽ करत येते आणि मग शाहू महाराजांचं थिएटर असो की कुणाचं, कुजबुज तिसऱ्या रांगेतच मरते. छत पत्र्याचं येणार असेल तर वरून जुलैचा पाऊस आहेच, पत्र्याखाली जड थर आणि मधे पोकळी नसेल तर पहिल्या अंकात नटापेक्षा पाऊसच जास्त बोलेल. प्रेक्षागृहाला दोन दारांमधे छोटी लॉबी असली तर रस्त्याचा आवाजही बराच तुटतो.

आगीचा विषय आवाजापासून वेगळा धरू नका, हे मुद्दाम सांगतोय. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला द स्टेशन नावाच्या क्लबमध्ये आग लागली, १०० माणसं गेली, आणि पेटलं काय तर आवाज कमी करायला भिंतीवर चिकटवलेला फोम. आपल्याकडं अजूनही "साउंडप्रूफ फोम" म्हणून तोच प्रकार सर्रास विकला जातो. जिथं शोषण हवंय तिथं न जळणारी ग्लासवूल किंवा रॉकवूल, त्यावर कापड, आणि कापडालाही आगरोधक प्रक्रिया. पडद्यांना केलेली अशी प्रक्रिया धुतल्यावर कमी होते किंवा निघूनच जाते, ती परत करून घ्यायची असते, हे कितीतरी ठिकाणी माहीतच नसतं. रंगमंचावर धूर वर निघून जायला जागा, रंगमंच आणि प्रेक्षागृह तोडणारा आगरोधक पडदा, स्प्रिंकलर, लायटिंगचं वायरिंग नीट नळीतनं, आणि बाहेर उघडणारी, कुलूप न लावलेली दारं. १९९७ च्या दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत ५९ लोक गेले ते बाहेर पडता आलं नाही म्हणून, धुरात गुदमरून. केशवरावच्या वेळी आत प्रेक्षक नव्हते हे नशीब.

तुम्ही विचाराल, जळालेल्या थिएटरला आवाज परत मिळाल्याचं उदाहरण आहे का. आहे. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरा थिएटर १९९६ च्या जानेवारीत जळालं आणि २००३ च्या डिसेंबरात परत उघडलं. तिथंही घोषणा हीच होती, जसं होतं, जिथं होतं. पण त्यांच्याकडं एक गोष्ट होती, आगीच्या थोडंच आधी काही ध्वनितज्ज्ञांनी आत मोजणी करून ठेवलेली होती, म्हणजे "जसं होतं" याचा आकडा कागदावर होता. आपल्याला तो आकडा दुसऱ्या वाटेनं काढावा लागेल आणि तिथं तुमच्यासारख्या लोकांचा उपयोग आहे. आत केलेलं कुठल्याही प्रयोगाचं, मैफिलीचं रेकॉर्डिंग, मोबाइलवरचं का असेना, जपून ठेवा. तिसरी घंटा वाजल्यावर तिचा आवाज किती वेळात विरला, टाळी थांबल्यावर शेपटी किती लांब राहिली, यावरून अंदाज काढता येतो. फक्त रेकॉर्डिंग हॉलमध्ये ठेवलेल्या माइकचं पाहिजे, साउंड मिक्सरवरून थेट घेतलेलं असेल तर त्यात हॉल नसतोच.

पण मोजून सापडेल तोही शेवटच्या नूतनीकरणानंतरचा आकडा, १९१५ चा नाही, हे विसरू नका. म्हणून माझ्या मते नुसतं "होतं तसं" मागण्यापेक्षा काय पाहिजे ते ठरवून मागावं. हे वापरावर अवलंबून आहे. वर्षातले बहुतेक दिवस मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक स्वतःच्या माइकसकट येणार असेल तर थोडा कोरडा हॉल चालतो. संगीत नाटक, मैफिली, हौशी रंगभूमी जास्त असेल तर १.१ ते १.२ सेकंदांचा भरलेला हॉल ठेवा आणि बाजूच्या भिंतींवर ओढता येतील असे जाड पडदे द्या, नाटकाला ओढायचे, गाण्याला उघडायचे. स्वस्त उपाय आहे आणि चालतो, फक्त पडदे ओढणारा माणूस नेमावा लागतो, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी जसे होते तसेच वीस वर्षं राहतात.

महापालिकेला विचारायचंच असेल तर भावनेचं पत्र देऊ नका, ते ढिगानं येतात. विचारा की ध्वनी सल्लागार वेगळा नेमलाय का आणि छताचं डिझाइन पक्कं व्हायच्या आधी नेमलाय का. रिकाम्या आणि भरलेल्या हॉलचा आवाज विरायचा वेळ आणि एसी चालू असतानाचा डेसिबल टेंडरमध्ये आकड्यात लिहिलाय का. आणि काम झाल्यावर मोजणी करून ते आकडे जुळल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही अशी अट आहे का. ही शेवटची अट घातली की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर येतात, माझा तरी अनुभव तसा आहे.

आणि थिएटर उघडल्यावर स्वतः तपासायचं असेल तर एसी चालू ठेवायला लावून मित्राला रंगमंचाच्या मधे उभा करा, माइक बंद, आणि त्याला वर्तमानपत्र साध्या आवाजात वाचू द्या. तुम्ही आधी मधल्या रांगेत बसा, मग बाल्कनीच्या खाली एकदम मागं, मग बाल्कनीत कडेला. बाल्कनीखालची मागची रांग सगळ्यात अडचणीची, वरच्या छताचा आवाज तिथं पोचत नाही. तिथं बातमीतली नावं नीट कळली तर बाकी हॉलची काळजी नको. नाही कळली तर आधी एसी बंद करून परत ऐका, मगच भिंतींना नाव ठेवा.